मेथीचे लाडू निर्दोष आहेत, ताई

पत्र:

मी ठाण्यात वर्तकनगरला राहते, वय ५९. २४ दिवसांपूर्वी मला नातू झाला. सून माझ्या सख्ख्या भावाची मुलगी, मीच हौसेनं करून आणलेली. चौथ्या दिवशी बाळ दूध ओढेना, रडणंही बारीक, वेगळंच. लंगोट बदलताना मला मेथीसारखा, जळक्या साखरेसारखा वास आला. मी बोलून दाखवलं, तर सगळे म्हणाले, बाळंतिणीला मेथीचे लाडू तूच चारतेस, वास येणारच. पहिल्या दवाखान्यात जंतुसंसर्ग म्हणून इंजेक्शनं चालू होती. सातव्या दिवशी बाळ शुद्धीवर नव्हतं. परळच्या मोठ्या रुग्णालयात नेलं, तिथे रक्त तपासून ‘मेपल सिरप युरिन डिसीज’ सांगितला. दोन दिवस डायलिसिस केलं. आता बाळ डोळे उघडतं, दूध पचवतं, या आठवड्यात घरी सोडतील. आईचं दूध मोजूनच द्यायचं, बाकी परदेशी पावडर, असं सांगितलंय. डबा फार महाग. शेजारणी म्हणतात, आईच्या दुधानं कधी कुणाचं वाईट झालंय का? माझे लाडू बाधले का? नात्यात लग्न केलं ते चुकलं का? धाकट्यासाठी भावाच्याच धाकट्या मुलीचं ठरत आलंय, साखरपुड्याचा हॉल बघून ठेवलाय, त्याचं काय करू? सून माझ्याशी बोलत नाही.

उत्तर:

ताई, लाडवांपासूनच सुरुवात करते. तुमची अर्धी घालमेल त्यांच्यामुळे आहे.

लाडू बाधलेले नाहीत. मेथीला जो वास असतो तो सोटोलोन नावाच्या द्रव्याचा. या आजारात बाळाच्या लघवीत आणि कानातल्या मळात जो वास येतो, तोही त्याच द्रव्याचा. आईनं मेथी खाल्ली आणि ठणठणीत बाळाला हा वास आला म्हणून डॉक्टरांची धावपळ झाली, अशा नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. तुमच्याकडे नेमकं उलटं झालं. आजार होता आणि वास मेथीच्या नावावर खपला. दोन्हींतला फरक रक्तात कळतो. मेथीनं वास येईल, पण रक्तातलं ल्युसिन, म्हणजे प्रथिनांतला एक घटक, वाढणार नाही. आणि ॲलो-आयसोल्युसिन म्हणून एक द्रव्य आहे, ते रक्तात ठरावीक पातळीच्या वर फक्त याच आजारात जातं. तुमच्या नातवाच्या रिपोर्टमध्ये ते शोधा, डॉक्टरांना बोट ठेवून दाखवायला सांगा. एकदा डोळ्यांनी बघितलंत की लाडवांचा विषय संपेल.

सगळ्यांच्या आधी वास तुम्हाला आला होता, हेही लक्षात ठेवा. हे नाक पुढे कामाला येणार आहे. म्हणूनच सुनेला सध्या मेथी देऊ नका. मेथी दुधातून उतरून बाळाच्या लघवीला वास आणते, आणि मग उद्या खरंच वास आला तर तो कशाचा हे कुणालाच सांगता येणार नाही. डिंकाचे, अळिवाचे लाडू खुशाल द्या. बाकी तिच्या ताटातलं वरण, दूध, अंडं काहीही कमी करायचं नाही. तिनं डाळ सोडली म्हणून तिच्या दुधातलं ल्युसिन कमी होत नाही, ती मात्र खंगेल.

आता आजाराचं थोडक्यात. आपण खाल्लेली प्रथिनं पचली की त्यांची अमिनो आम्लं होतात. त्यांतली तीन, ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन, पुढे मोडायला एक विकर लागतं. ते तुमच्या नातवात नीट बनत नाही. पोटात असताना हे ओझं आईचं शरीर उचलत होतं, म्हणून बाळ जन्मलं तेव्हा गुटगुटीत होतं. नाळ कापली, दूध सुरू झालं आणि ल्युसिन साठत गेलं. मेंदूला खरी बाधा होते ती ल्युसिनची. दूध न ओढणं, किरकिर, मग सुस्ती, अंग ताठणं, सायकल मारल्यासारखे पाय हलवणं, शेवटी बेशुद्धी, हे सगळं पहिल्या आठवड्या-दहा दिवसांतच घडतं. जंतुसंसर्गातही पहिले दोन दिवस बाळ असंच दिसतं, त्यामुळे प्रतिजैविकं सुरू करणं गैर नव्हतं. वासाचं तुम्ही सांगितल्यावर त्याच दिवशी रक्त आणि लघवी या आजाराच्या तपासणीला जायला हवी होती, एवढं मात्र खरं. नवजात बाळांची ही तपासणी सरसकट करण्याचा देशव्यापी कार्यक्रम आपल्याकडे नाही, त्यामुळे अजूनही कुणाला तरी शंका यावी लागते.

१९५४ साली अमेरिकेत डॉ. मेंकीस यांनी हा आजार पहिल्यांदा नोंदवला तेव्हा एकाच घरातली चार बाळं तान्हेपणी गेली होती. आहाराचे उपचार त्यानंतर दहाएक वर्षांनी रुळले. आज ही मुलं शाळेत जातात. तुमचा नातू कसा वाढेल याचा शब्द मात्र मी देणार नाही. ल्युसिन किती चढलं होतं, किती तास चढलेलं राहिलं आणि यापुढे किती आटोक्यात राहतं, यावर ते ठरेल. मान धरणं, नजर फिरवणं, हुंकार देणं यांची तपासणी ठरलेल्या तारखांना करून घ्या.

शेजारणींचा मुद्दा. आईचं दूध वाईट नाही आणि या बाळाला ते बंदही नाही. उलट ते हवंच. ल्युसिन शरीर स्वतः बनवू शकत नाही, त्याच्याशिवाय बाळ वाढणार नाही. हवं ते नेमकं वाढीपुरतं, त्याच्यावर थेंब नाही. समजण्यासाठी एक हिशेब मांडते. या वयात किलोमागे दिवसाला साधारण ४० ते १०० मिलिग्रॅम ल्युसिन चालतं, आकडा प्रत्येक बाळाचा वेगळा आणि दर रिपोर्टगणिक बदलणारा. समजा तीन किलोच्या बाळाला डॉक्टरांनी किलोमागे ६० ठरवलं, म्हणजे दिवसाचं १८०. आईच्या १०० मिलि दुधात अंदाजे १०० मिलिग्रॅम ल्युसिन असतं, म्हणजे १८० मिलि दूध झालं. बाळाचं पोट भरायला दिवसाला साडेचारशे मिलि लागतं. उरलेलं कुठून आणायचं? त्यासाठी ती पावडर. तिच्यात बाकी सगळी अमिनो आम्लं, साखर, स्निग्ध, जीवनसत्त्वं असतात, फक्त ही तीन नसतात. वरचं दूध म्हणून गाईचं दूध आणाल तर त्यात प्रथिनं आईच्या दुधाच्या सुमारे तिप्पट. ते दारातही नको.

हा माझा हिशेब तुमच्या बाळाला लावू नका, तुमच्या आहारतज्ज्ञांनी लिहून दिलेला कागद फ्रिजवर चिकटवा. घरात ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा आणा. प्रत्येक कंपनीच्या चमच्यात पावडर वेगळी मावते, म्हणून चमच्यावर विसंबू नका, काट्यावर मोजा. सुनेनं दूध काढून मोजून बाटलीत किंवा बोंडल्यात द्यायचं. काही ठिकाणी आधी पावडरचं दूध पाजून मग मोजक्या वेळा अंगावर पाजू देतात. तसं चालेल का हे विचारून घ्या, त्या पोरीला फार बरं वाटेल.

डॉक्टर दोन बाटल्या आणखी देतील, आयसोल्युसिन आणि व्हॅलिनच्या द्रावणाच्या. ‘हीच तर बाळाला चालत नाहीत, मग वरून का द्यायची?’ असं वाटून घरचे या बाटल्या बंद करतात, आणि तिथे घोटाळा होतो. ही दोन रक्तात कमी पडली की शरीराला नवीन प्रथिनं बांधता येत नाहीत, बांधकाम थांबलं की ल्युसिन वापरलं जात नाही आणि चढतं. आयसोल्युसिन फारच उतरलं तर लंगोटाच्या जागी, तोंडाभोवती लालभडक पुरळ येऊन कातडी सुटते. ते लंगोट चावल्याचं समजून खोबरेल लावत बसू नका, फोन करा. रक्ताची तपासणी सुरुवातीला दर आठवड्याला, कधी दोनदाही होते. ल्युसिन साधारण ७५ ते २०० मायक्रोमोलच्या दरम्यान ठेवायचं असतं. २०० च्या वर जाणं जितकं वाईट, तितकंच ७५ च्या खाली राहणं. कमी आलं म्हणून घरात पेढे वाटू नयेत. ब-१ जीवनसत्त्व काही थोड्या बाळांना उपयोगी पडतं, ते तुमचे डॉक्टर करून बघतील.

आता मला ज्याची सगळ्यात जास्त धास्ती वाटते ते. आपल्या घरांत ताप आला, जुलाब झाले की पहिला सल्ला लंघनाचा. ‘आज पोटाला विश्रांती दे.’ या बाळाला उपास म्हणजे विष. पोटातून उष्मांक मिळाले नाहीत की शरीर स्वतःचे स्नायू मोडायला लागतं, त्यातून ल्युसिन सुटतं आणि एका रात्रीत इतकं चढतं की कुणी वाटीभर डाळ पाजल्यानंही चढणार नाही. बरीचशी बाळं पुन्हा बेशुद्ध होतात ती चुकून काही खाल्ल्यानं नाही, साध्या सर्दी-तापात दूध कमी घेतल्यानं. म्हणून ‘आजारपणाचा दिवस’ कसा काढायचा याचा वेगळा कागद रुग्णालयातून घ्या. त्यात साधारण असं असतं: आईचं दूध डॉक्टरांनी सांगितलेल्या तासांपुरतं, बहुधा एक-दोन दिवस, कमी किंवा बंद. पावडरचं दूध चालूच. वरून ग्लुकोजसारखे उष्मांक वाढवून, थोडं थोडं, रात्रीसुद्धा उठवून. आणि आईचं दूध पुन्हा कधी सुरू करायचं हेही त्यातच लिहिलेलं असावं, कारण भीतीपोटी आठवडाभर बंद ठेवणारी घरंही आहेत.

दोनदा उलटी झाली, एक दूध चुकलं, बाळ उठवून उठेना, किंवा तुमच्या नाकाला तो वास आला, तर रिपोर्टची वाट बघू नका. वास नाही म्हणून निर्धास्तही राहू नका, तो कधी उशिरा येतो. मध्यरात्री परळपर्यंत जायचं म्हणून ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर अडकून बसण्यापेक्षा ठाण्यातलंच, नवजात अतिदक्षता असलेलं जवळचं रुग्णालय आधी ठरवून ठेवा. डिस्चार्जनंतर चार दिवसांत मुलानं तिथल्या बालरोगतज्ज्ञांना भेटून बाळाची फाइल दाखवावी. तुमच्या मूळ डॉक्टरांचं सही-शिक्क्याचं पत्र कायम झबल्यांच्या पिशवीत असू द्या. आजाराचं नाव, ग्लुकोज आणि मीठ दोन्ही असलेलं सलाइन लगेच लावा, नुसतं पातळ सलाइन देऊ नका कारण मेंदूला सूज येऊ शकते, प्रथिनं देऊ नका, या नंबरवर फोन करा, एवढं त्यात हवं. सलाइन लागलं की मग परळ.

लसी चुकवू नका. लसीनंतर ताप आला तर तो आजारपणाचा दिवस समजा.

घुटीबद्दल मला माहीत आहे तुम्ही विचारणार होतात. सहाणेवर उगाळलेला बदाम किती तो, असं वाटेल. बदामाचं मी सोडूनही देईन, पण वेखंड आणि जायफळाचं काय? त्यानं बाळ गुंगलं तर ही गुंगी घुटीची की ल्युसिनची, रात्री दोन वाजता कसं ओळखाल? घुटी, मध, ग्राइपवॉटर, काही नको. न्हाऊमाखू, टाळू भरणं, शेक, अंगाई, हे सगळं तुमचं राज्य, त्याला आजाराची आडकाठी नाही. बारसं करा, फक्त घरच्या चार माणसांत, आणि शिंकणाऱ्या माणसाला दारातूनच वाटेला लावा, मग तो मानपानाचा का असेना. उष्टावणाला वरणभात असणार नाही, हे आत्ताच मनाशी धरा. त्याऐवजी आपल्या उपासाचा साबुदाणा या पोराचं रोजचं अन्न होईल, त्यात प्रथिनं जवळपास नसतातच. दाण्याचं कूट न घालता, अर्थात.

आता लग्नाचं. खरं सांगते, गोड करून नाही. नात्यातल्या लग्नाचा इथे वाटा आहे. हा आजार व्हायला बाळाला आई आणि बाप दोघांकडून बिघडलेलं जनुक मिळावं लागतं. एकाकडूनच आलं तर माणूस ठणठणीत असतो, त्याला वाहक म्हणतात. तुमचं आणि तुमच्या भावाचं रक्त एक, त्यामुळे एकच बिघडलेलं जनुक तुमच्या मुलाकडे आणि त्याच्या मुलीकडे येणं सोपं झालं. पण मामाची मुलगी करणं ही आपल्याकडची पिढ्यान्पिढ्यांची रीत, आणि तुम्ही वाहक असाल तर ते तुमच्या अंगावर लिहिलेलं नव्हतं. नात्यात नसलेल्या जोडप्यांनाही असं बाळ होतं. जगात साधारण १ लाख ८५ हजार जन्मांत एक, असं धरतात.

धाकट्याचं मात्र आता तुम्हाला माहीत आहे, म्हणून थांबा. थोरला मुलगा आणि सून दोघं वाहक आहेत, हे बाळानंच सांगितलं. जनुक तुमच्या आणि तुमच्या भावाकडून आलं असेल, तर धाकटा वाहक असण्याची शक्यता निम्मी, भावाची धाकटी मुलगी वाहक असण्याची निम्मी. दोघं वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक. गुणाकार केला तर आज, काहीही न तपासता, सोळात एक. लाखात एकच्या जागी सोळात एक! बाळाच्या जनुकाचा रिपोर्ट हातात आला की या दोघांची तपासणी साध्या रक्ताच्या नमुन्यावर होते. तोपर्यंत साखरपुडा पुढे ढकला, मोडू नका. एक जण जरी वाहक नसला तरी या आजारापुरती त्यांच्या मुलांची चिंता मिटली. दोघंही वाहक निघाले तर निर्णय त्या दोघांचा, सगळं समजून घेऊन, तुमचा किंवा भावाचा नाही. आणि मुलीची तपासणी करताना मुलाचीही त्याच दिवशी करा. ‘मुलीत दोष निघाला’ अशी कुजबुज भावकीत कशी फिरते हे तुम्हाला सांगायला नको.

थोरल्या जोडप्यानं पुढच्या बाळाचा विचार करण्याआधी जनुकांचा रिपोर्ट तयार ठेवावा. मग गरोदरपणाच्या ११ ते १३ आठवड्यांत वारेचा बारीक तुकडा घेऊन बाळाची तपासणी करता येते. एकाला झालं म्हणजे पुढची तीन सुटली, असं नसतं. दर वेळी चारात एकच.

सून बोलत नाही म्हणता. तिला तीन आठवड्यांत डॉक्टरांनी दूध मोज सांगितलं, शेजारणींनी दूध पाज सांगितलं, आणि सासूबरोबर आत्याही एकाच माणसात गेली. तुम्हीच आधी बोला. फार लांबण नको. ‘तुझ्या दुधानं झालं नाही, माझ्या लाडवांनीही नाही, डॉक्टरांनी रिपोर्टमध्ये दाखवलं,’ एवढं म्हणा आणि रात्री अडीचचं दूध तुमच्याकडे घ्या. काट्यावर पावडर तोलायला तुम्हीही रुग्णालयातच शिका, सोडण्याआधी एकदा परिचारिकेसमोर करून दाखवा.

राहिला पैशाचा प्रश्न. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाच्या यादीत हा आजार आहे, खास आहारावर सांभाळायच्या गटात. निवडलेल्या उत्कृष्टता केंद्रांत नोंद झाली तर ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे, आणि मुंबईत असं केंद्र परळचं केईएम. अर्ज घरच्यांनी दिल्लीला पाठवायचा नसतो, तो केंद्रामार्फत जातो, म्हणून बाळाची नोंदणी तिथे लवकर करा. यकृत प्रत्यारोपण हा पुढचा पर्याय असतो, त्याबद्दलही तिथेच सविस्तर विचारा, आज घाई नाही. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून या यादीतल्या आजारांसाठी स्वतःच्या वापराकरता मागवलेल्या औषधी अन्नावरचं मूळ सीमाशुल्क माफ आहे. त्यासाठी प्रमाणपत्र लागतं, ते जिल्हा शल्य चिकित्सक देऊ शकतात, म्हणजे तुम्हाला ठाण्याच्या सिव्हिलमध्येच काम होईल. मुलाला डिस्चार्ज कार्ड, रक्ताचा रिपोर्ट, डॉक्टरांचं पावडरच्या महिन्याच्या गरजेचं पत्र, बाळाचा जन्मदाखला आणि स्वतःचं आधार घेऊन पाठवा, सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स. आणि पहिला डबा फोडला त्याच दिवशी पुढचा मागवा, परदेशातून यायला किती दिवस लागतील याचा नेम नसतो.